ध्यानाला बसलेल्या माणसाला हात लावू नये

दुपारचे साडेतीन. जेवण अंगावर आलेलं, एसीची घरघर, आणि खोलीत दहा माणसं मांडी घालून बसलेली. मालविका तांबट त्यांच्यासमोर भिंतीला पाठ टेकून बसते आणि स्पीकरचं बटण दाबते. तिचाच आवाज सुरू होतो, गोडगोड. "डोळे अलगद मिटा. दहापासून उलटे आकडे मोजू या."

फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकणारं हे ऑफिस. इथली माणसं दिवसभर फोनवर शिव्या खातात. माणसं वाढवायची कंपनीची तयारी नाही. श्वास लांबवायला मात्र सांगते. दहा दिवसांच्या ऑनलाइन वर्गाच्या जोरावर हे काम मालविकाच्या गळ्यात पडलंय. महिन्याभरापूर्वीपर्यंत ती समोर बसून स्वतः बोलायची. आता तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून जुनं रेकॉर्डिंग.

आठ. सात. मालविकाचीच मान कलते. सहा.

दार अर्धवट उघडं आहे. बाहेर चपलांची रांग, आणि रांगेच्या शेवटी तपकिरी सँडल, एका पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली.

"मॅडम, बसू का मागे?" श्रीकृष्ण चांदवडकर विचारतात. तक्रार विभागातले, वय त्रेपन्न. त्यांना जाऊन महिना झालाय हे मालविकाला पक्कं ठाऊक आहे. तरी ती म्हणते, "बसा ना." स्वप्नात शिरताना माणूस अक्कलही चपलांशेजारी काढून ठेवतो.

ते बसत नाहीत. डावा हात चोळत उभे राहतात. बाही दुमडलेली, खोलीभर बामचा वास.

"हात जड झालाय हो सकाळपासून. बाम लावला, तरी काही फरक नाही."

"श्वासावर लक्ष द्या," मालविका म्हणते. त्या दिवशीही अगदी हेच म्हणाली होती. आज तिला दुसरं काही म्हणायचंय, पण जीभ वळत नाही.

ते नळ सोडतात. म्हणजे हे कँटीन आहे. नळाला पाणी येत नाही, फोनच्या रिंगा वाजतात. ते त्यांत हात धुतात.

"माझा फोटो काढलात ना त्या दिवशी?"

काढला होता. दहा जणांनी डोळे उघडले, चांदवडकरांनी उघडले नाहीत. भिंतीला टेकून, हनुवटी छातीवर. "बघा, याला म्हणतात ध्यान लागणं," असं कुजबुजत तिने फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. ध्यानाला बसलेल्या माणसाला हात लावू नये, हा नियमही तिचाच. मग दहा माणसं चवड्यांवर चालत बाहेर गेली आणि तिने दिवा मंद करून दार हलकेच ओढून घेतलं. चाळीस मिनिटांनी झाडायला आलेल्या लताबाईंनी त्यांचा खांदा हलवला. एवढ्या ऑफिसात तो नियम माहीत नसलेलं एकच माणूस होतं.

"किती अंगठे आले?"

"एक्केचाळीस."

"बरे आले. उभ्या नोकरीत कुणी कौतुक केलं नव्हतं."

महिनाभर मालविकाला एकच गोष्ट विचारायची आहे. "चांदवडकर, फोटोच्या वेळी तुम्ही... होतात का?"

"मी डोळे मिटून होतो, मॅडम. मला काय दिसणार?"

कँटीनच्या टेबलाशी त्यांची बायको, कुंदावहिनी, गहू निवडत बसल्यात. मागे त्यांच्या घराची खिडकी, खिडकीत वाळत घातलेली बनियन. वहिनी मान वर करत नाहीत.

"हिला काय सांगितलंत?" चांदवडकर हळू विचारतात.

"अगदी शांत होते म्हणून सांगितलं."

"तिने काय विचारलं होतं?"

"त्रास होतोय असं तुम्ही काही बोलला होतात का, ते."

"मग?"

"नाही म्हटलं."

ते बायकोकडे बघतात. "सकाळी हिनेच हात चोळून दिला. अंग आखडलं असेल म्हणाली. आता रोज म्हणते, मीच चोळून ऑफिसला धाडलं. सगळं एकटी अंगावर घेऊन बसलीय. त्यातलं थोडं तुमचं आहे, मॅडम."

"सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

"जाईल," ते म्हणतात. "मग टेन्शन कमी होईल."

ते तिथेच भिंतीला टेकतात, मांडी घालतात. डोळे मिटतात. हनुवटी छातीवर येते. कुठूनतरी तिचाच आवाज ऐकू येतो, तीन, दोन. वहिनी खडे वेगळे काढत राहतात. मालविकाला स्वतःच्या नियमाची किळस येते. ती वाकते आणि त्यांच्या डाव्या दंडावर तळहात ठेवते. दंड गार आहे, चिकट आहे.

एक.

दहा माणसं डोळे उघडतायत. कुणी आळस देतंय, कुणी मोबाइल शोधतंय. मालविका उजव्या हाताने डोळे चोळते आणि डोळे असे झोंबतात की पाण्याच्या धारा लागतात.

"मॅडमचं आज छान ध्यान लागलं," समोर बसलेली प्रज्ञा शेजारणीला कौतुकाने सांगते.

मालविका तळहात नाकाशी नेते. बाम. पिवळसर, तेलकट, बोटांच्या पेरांपर्यंत. बामच्या वासाने तिला शिंका येतात. म्हणून ती पर्समध्ये नाही, घरातही बाम ठेवत नाही.

सगळे चवड्यांवर बाहेर पडतात. ती हात पुसत नाही. डाव्या हाताने फोन लावते.

"वहिनी, मालविका तांबट बोलतेय. तुम्ही मला त्या दिवशी विचारलं होतंत. मी खोटं सांगितलं. ते बोलले होते. हात जड झालाय म्हणाले होते, मलाच."

पलीकडून वहिनी विचारतात, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

तळहात अजून चुरचुरतोय.

"मी म्हटलं, श्वासावर लक्ष द्या," ती सांगते.