काकूंची इबूत आणि दोन नंबरचा प्लग

"बंद करा आप्पा, आधी बंद करा," हातातला चहा स्टूलवर ठेवून मी म्हणालो. व्हॅन गॅरेजच्या दारात उभी होती आणि थंडीतापाच्या माणसासारखी थडथडत होती. काल संध्याकाळी मीच तिचे प्लग बदलले होते. मोंढ्यापर्यंत फिरवूनही आणली होती. एक झटका नव्हता. आणि आज सकाळी आठला आप्पा गावाबाहेरच्या पुलावरून तिला परत घेऊन आले होते.

आप्पांचं अहमदपूरच्या मोंढ्यात भुसार मालाचं दुकान. व्हॅनमध्ये मागं गादीवर त्यांच्या घरच्या, आमच्या काकू, पडलेल्या. काकूंच्या किडन्या काम करत नाहीत. सोमवारी आणि गुरुवारी लातूरला डायलिसिस. नंबर दुपारी बाराचा. तो चुकला की मशीन दुसऱ्याला जातं आणि हिकडं अंगात पाणी चढतं. मागं एकदा चुकला होता, तेव्हा काकूंच्या पायात चप्पल जाईना आणि आडवं झालं की दम लागायचा. एसटीनं जायची सोय नाही. येताना बीपी खाली जातं, बसवत नाही. म्हणून तर आप्पांनी मधली सीट काढून गादी टाकलेली.

"दुसरी गाडी बघू का?" मी विचारलं.

"कुठली बघता मिस्त्री? श्रावण सोमवार हाय. गावातल्या गाड्या औंढ्याला न् परळीला गेल्यात. चार ठिकाणी फोन लावून झाले."

म्हणजे हीच गाडी, आणि दहाच्या आत. माझ्या हातात दोन तास होते. सव्वीस वर्षं झाली मला या धंद्यात. मिसिंग काढायला दोन तास म्हणजे चैन. मी आप्पांना म्हणालो, "काकूंना सावलीला खुर्चीत बसवा. अर्ध्या तासात सोडतो."

मिसिंग म्हणजे काय, ते सांगतो. या गाडीला तीन सिलेंडर. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा जाते, आणि ती पेटवायला वरून एक प्लग ठिणगी टाकतो. तिघं पाळीपाळीनं पेटतात, तेव्हा गाडी सरळ पळते. एखादा पेटला नाही की उरलेले दोन त्याला ओढत नेतात. त्यालाच आम्ही मिसिंग म्हणतो. इंग्रजीत मिसफायर.

प्लग बदलल्यावर मिसिंग आलं तर संशय आधी बदलणाऱ्यावर घ्यायचा. हे मी लोकांना तोंड वर करून सांगत असतो. म्हणून ड्रायव्हरची सीट उचलली, कारण या व्हॅनचं इंजिन सीटखालीच असतं, आणि आधी माझंच काम तपासलं. वायरी अदलाबदल झाल्या का? नाही. वायरींच्या टोकाच्या कॅप प्लगवर पुरत्या बसल्यात का? बसल्यात. प्लग ढिला? नाही. तिन्ही प्लग काढून गॅप मोजला, म्हणजे ठिणगी ज्या फटीतून उडते ती फट. केसाचाही फरक नव्हता. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग गाडी चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघितली. चांगल्या सिलेंडरची वायर काढली की इंजिन अजून मरगळतं. एक नंबरला मरगळलं. तीनला मरगळलं. दोनला काहीच नाही. चोर सापडला. गाडी बंद करून दोन नंबरचा प्लग एकला लावला, एकचा दोनला. पुन्हा चालू केली. आता मिसिंग एक नंबरवर गेलं.

प्लगबरोबर रोग हलला, म्हणजे प्लगच खराब. काल बसवलेला नवाकोरा प्लग.

माझं डोकं सटकलं. प्लग फारूखभाईच्या दुकानातून आणले होते. चार दुकानं सोडून त्याचं पार्टचं दुकान. मी फोन लावला आणि आप्पांच्या समोर त्याला झापलं. "फारूखभाई, डुप्लिकेट माल तर दिला नाही ना? माणसाच्या जिवाचा सवाल आहे इथं." पलीकडून तो एवढंच म्हणाला, "थांबा उस्ताद, येतो." आणि पाच मिनिटांत प्लगचा दुसरा बॉक्स घेऊन दारात उभा राहिला.

"काढून दावा तो प्लग," तो म्हणाला.

मी काढून दिला. खालचं टोक दाखवलं, जिथं ठिणगी पडते. मेकॅनिक नेहमी तेच टोक बघतो, मीही सकाळपासून तेच बघत होतो. फारूखभाईनं प्लग उलटा केला. वरचा पांढरा चिनी मातीचा भाग बघितला. मग खुर्चीतल्या काकूंच्या कपाळावरच्या राखाडी पट्ट्यांकडं एकदा बघितलं. प्लग माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाला, "उस्ताद, तुम्हीच बघा."

पांढऱ्या भागावर राखाडी थर होता, आणि त्या थरातून वरून खाली एक काळी बारीक रेघ गेली होती. जळालेली.

काल संध्याकाळ आठवली. आप्पांबरोबर काकूही गॅरेजवर आल्या होत्या. प्लग बाकड्यावर ठेवले होते. काकू म्हणाल्या, "थांब रं भगवान, नव्या वस्तूला इबूत लावते." आमच्याकडं ही रीतच आहे. कुणी टायरला कुंकू लावतं, कुणी बॅटरीला फूल वाहतं. मी कधी अडवत नाही. काकूंनी अंगाऱ्याचा बटवा काढला, बोटं पाण्यात बुडवली आणि तिन्ही प्लगना पट्टे ओढले. बोटाएवढ्या जागेत तीन पट्टे कुठले मावतात, सगळा पांढरा भाग राखाडी झाला. दोन नंबरवर हात जरा सढळच पडला. पुसायला माझा हात धजला नाही. देवाचं होतं ते, आणि त्याहून जास्त म्हणजे काकूंचं होतं. तसेच उचलले, तसेच बसवले.

तो पांढरा भाग करंट अडवायला असतो. तो स्वच्छ असेल तर करंट आतून टोकापर्यंत जातो आणि ठिणगी पाडतो. त्यावर काही ओलसर असलं तर करंट बाहेरच्या बाहेर लोखंडात उतरतो आणि आत अंधार. काल लावलेलं वाळून गेलं होतं, म्हणून गाडी चालली. रात्री पाऊस झाला, गाडी अंगणात. राखेनं ओल ओढली.

खात्री करायची म्हणून प्लग परत लावला, गाडी चालू केली, अंधार करायला इंजिनावर ताडपत्री धरली आणि फारूखभाई न् मी दोघं आत डोकं घालून बसलो. कॅपच्या खालून निळी रेघ लवलव करत होती.

"दिसली?" मी विचारलं.

"हाव," तो म्हणाला. "माल बरोबर होता म्हणायचा."

"चुकलो फारूखभाई. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोरच सांगतो."

"चहा सांगा. मग बघू."

त्यानं आणलेले तीन नवे प्लग बसवले. दोन नंबरच्या कॅपमध्येही आतून जळाल्याची खूण होती, ती वायरच बदलली. नाहीतर आठ दिवसांत पुन्हा हेच. सेल मारला. इंजिन एका सुरात लागलं. घड्याळात पावणेदहा.

आता अवघड काम राहिलं होतं. काकू खुर्चीतून सगळं बघत होत्या. त्यांना कळायचं ते कळलं होतं.

"माझ्या हातानंच गाडी बंद पडली व्हय रं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

क्षणभर खोटं बोलावंसं वाटलं. प्लग डुप्लिकेट निघाला म्हटलं असतं तर भागलं असतं, पण फारूखभाई शेजारीच उभा होता. आणि खरं तर खोटं बोलायची गरजही नव्हती.

"नाही काकू. लावायचं काम तुमचं होतं, तुम्ही लावलं. पुसून बसवायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही."

आप्पांनी गाडी काढली. बाराला दहा कमी असताना लातूरहून फोन आला, "पोचलो मिस्त्री. मशीनवर घेतलं." मी फोन ठेवला आणि सकाळचा गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

महिन्याभरानं ऑइल बदलायला तीच गाडी आली. काकूंनी बटवा काढला आणि माझ्याकडं बघितलं. "ऑइलच्या डब्याला चालतंय का?"

"डब्याला चालतंय. फिल्टरला नको."

त्यांनी डब्याला पट्टे ओढले. बोटाला उरलेली इबूत माझ्या कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "हितं काय भ्या न्हाई. हितं करंट कमीच हाय." फारूखभाई दारातच होता. तो आठवडाभर मोंढ्यात हेच सांगत फिरला.

तेव्हापासून नव्या पार्टची पूजा मी बॉक्सवरच करायला सांगतो. कुणी पार्टलाच लावलं तर हात जोडतो, कोरडा कपडा घेतो आणि त्यांच्या देखत पुसतो. आजवर कुणाला राग आला नाही.