गल्लीचा पी. पी. नंबर

आमच्या घरमालकांइतका हेकेखोर माणूस अख्ख्या नेर तालुक्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याविरुद्ध मला आजवर एक पत्रक काढता आलेलं नाही. मी पत्रकं काढणारी बाई आहे. एसटी स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीला कुलूप का, हे मी डेपोच्या भिंतीवर चिकटवून विचारलेलं आहे. गोड लिहायची मला सवय नाही. पण या घरमालक काकांबद्दल लिहायला बसलं की ‘जाहीर निषेध’ एवढं होतं आणि पुढं पेन अडतं.

काका कापूस मार्केटात मापारी होते. उभा जन्म काट्याशेजारी गेल्यामुळे स्वतःच्या हातानं पारखल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म. दुधवाल्याचं माप ते घरच्या मापानं तपासायचे. माझं पत्रक हातात आलं की मजकूर बाजूला ठेवून आधी कागद बोटांत चोळायचे. “कागद हलका हाय, पुढारीनबाई. वाऱ्यानं उडन.” या पारखण्याचा सगळ्यात जास्त जाच टेलिफोनच्या तारेला होता. लाइनमनला त्यांनी हद्द आखून दिली होती. खांबापर्यंत त्याचं राज्य, खांबाच्या अलीकडं काकांचं. त्या राज्यात ओसरीवर एक सॉकेट, स्वयंपाकघरात एक, देवघरात एक, आणि आंघोळीला बसलेल्या माणसानंही हात लांबवून फोन उचलावा म्हणून न्हाणीच्या दाराशी एक. तार मिळेल ती. काही तुकडा जुन्या रेडिओचा, काही लग्नातल्या लाउडस्पीकरचा. सांध्यांना चिकटपट्टी, आणि ती संपली की दवाखान्यातली जखमेवर लावायची पट्टी. त्यामुळे आमच्या भिंती नुकतंच ऑपरेशन झाल्यासारख्या दिसत. काकू म्हणायच्या, “यायच्या हातात पेचकस आला का मले मिक्सर उचलून बाहेर पळा लागते.”

लाइन तपासायची त्यांची पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. तारेची दोन्ही टोकं सोलायची, दोन बोटांत धरायची आणि मला फर्मान सोडायचं, “लाव तुह्या मोबाइलवरून.” मी लावायची. घंटेचा करंट आला की काका जागच्या जागी उडायचे, केस उभे, आणि चेहऱ्यावर पहिला नातू झाल्याचा आनंद. “जिती हाय! लाइन जिती हाय!” मी शंभरदा सांगितलं, काका, हा धोका आहे, मीटर विकत मिळतं. ते म्हणाले, “मीटर खोटं बोलू शकते. हात कायले बोलन?”

“पण मोबाइलच्या जमान्यात हा डबा ठेवायचाच कशाला?” हेही मी विचारलं, तावातावानं विचारलं. त्यावर त्यांनी मला मूर्खात काढलं. “मोबाइल एकल्या माणसाचा असते. हा नंबर गल्लीचा हाय.” खरंच होतं ते. गल्लीत एकच फोन होता त्या काळात प्रत्येक घरानं आपल्या पाहुण्यांना हाच नंबर पी. पी. म्हणून दिलेला, म्हणजे शेजाऱ्याचा असला तरी आपला समजा. घंटा वाजली की काका रिसीव्हर खाली ठेवून धोतर सावरत गल्लीत धावायचे आणि ज्याचा फोन त्याला बोलावून आणायचे. लग्नं, बाळंतपणं, मयती, सगळं आधी काकांच्या कानात आणि मग गल्लीत.

हे सगळं मी कौतुकानं सोसलं असतं. पण आमच्या घरात फोन आणि इंटरनेट एकाच तारेवरून यायचं, आणि फोन वाजला की इंटरनेट मरायचं. शेवटी मुतारीच्या तक्रारीवर सुनावणी मिळाली, तीही कॉम्प्युटरवरची. साहेब म्हणाले, “बोला, तक्रारदार.” मी तोंड उघडलं आणि काकूंच्या बहिणीचा राळेगावहून फोन आला. पडद्यावर मी तशीच आ वासून थिजले. परत जोडणी होईपर्यंत साहेबांनी ‘तक्रारदार गैरहजर’ म्हणून पुढची तारीख दिली होती. बायकांनी सहा तासांचा प्रवास पोट दाबून करायचा, आणि इथं एका म्हाताऱ्याच्या हौसेपायी त्यांची बाजू मांडायची राहायची! मी माहिती काढली. दोष उघड होता. लाइन घरात शिरते तिथं स्प्लिटर नावाची डबी लावून फोन वेगळा, इंटरनेट वेगळं करायचं असतं, आणि फोनचे सगळे फाटे डबीच्या पुढं. काकांनी डबी न लावताच फाटे काढले होते. ते मोजावेत म्हणून मी तार धरून निघाले. ओसरी, देवघर, न्हाणी झाली, आणि एक फाटा खिडकीतून बाहेर पडला, पेरूच्या झाडावरून गेला, गल्ली ओलांडून समोरच्या आजीच्या घरात घुसला.

“हे काय आहे काका? दुसऱ्याच्या घरात?”

काका पेरूच्या झाडाकडं बघत राहिले. मग जे बोलले ते तुटक तुटक बोलले. आजीचा पोरगा कामाला सुरतेकडं गेला होता. त्याच्याजवळ हाच एक नंबर. एकदा भर दुपारी त्याचा फोन आला. “म्या म्हटलं, थांब बापू, मायले बोलावतो. बुढी घरामांगं धुणं धूत होती. तिचे गुडघे धरलेले. हात धरून आणली तं फोन कटला होता.” त्यानंतर फोन आला नाही. शोध घेतला, कुणी काही सांगितलं नाही. “आता आला तं बुढीले चाला नाही लागलं पाह्यजे. उशालेच वाजन.”

“डबी लावू काका. आजीची घंटा तशीच राहील, फक्त थोडा वेळ लाइन बंद ठेवावी लागेल.”

“अन् तेवढ्यात आला तं?”

  काका काही दिवस तयार झाले नाहीत. मग एका सकाळी स्वतःच पेचकस घेऊन आले. “तुह्या बायायचंही काम हाय म्हणा. पण हात चालव.” लाइन बंद होती तेवढ्या वेळात काकूंनी चहा पुढं केला तो तसाच थंड झाला. जोडणी झाली. त्यांनी सवयीनं टोकं बोटांत धरली. “लाव.” मी लावला. काका उडाले, “जिती हाय!” आणि त्याच क्षणी गल्लीपलीकडं घंटा वाजली, थांबली, आणि माझ्या मोबाइलमधून आवाज आला.

“हालो? बापू?”

काकांच्या हातातली तार तशीच राहिली. मी म्हणाले, “आजी, मी आहे. समोरची.”

 आजी म्हणाली, “बरं, माय. ऐकू येते ना तुले?”

“येते, आजी.”

“मंग लाइन चांगली हाय.”

सुनावणी पुढं न तुटता पार पडली. कुलूप अजून आहे, भांडण चालू आहे. मी आता पुसदला असते. दर बाजाराच्या दिवशी लाइन तपासायला काकांचा माझ्या मोबाइलवर हुकूम येतो, “लाव.” मी तो जुना नंबर लावते. आजी उचलते आणि अजूनही आधी त्याचंच नाव घेते. मी माझं सांगते, मग आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो. ओसरीवरचा रिसीव्हर काकांनी उचललेला असतो, त्यांचा श्वास मला ऐकू येतो.