तीस हंड्यांचा हौद

सातवीच्या सहामाहीत मला गणितात शंभरपैकी नऊ गुण पडले. ते नऊ तरी कसे पडले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पाढे मला सगळे पाठ होते. नुसते तीसपर्यंतचे नव्हेत, पावकी, निमकी, पाऊणकीसुद्धा. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणंही मी उत्तरासकट घोकून ठेवली होती. पेपरात उदाहरण तेच आलं होतं, आकडे तेवढे बदलले होते. मी बिनदिक्कत पुस्तकातलं उत्तर लिहिलं आणि पेपर सोपा गेला असं घरी सांगितलं.

आम्ही नुकतेच रत्नागिरीहून कासारवाडीला आलो होतो. वडील पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात कारकून होते. माणूस अबोल, पण बोलले की शब्द फिरवायचे नाहीत. गुणपत्रक बघून ते एवढंच म्हणाले, "सातवीच्या फायनलला गणितात पास झालीस तर पुण्याची शाळा. नाही तर जूनमध्ये आत्याकडे जायचं. तिला घरात हाताशी माणूस हवंय." आत्याकडे जायचं म्हणजे चूल सांभाळायची आणि दोन वर्षांत बोहल्यावर चढायचं, हे मला न सांगता कळत होतं. रोज सकाळी पुण्याच्या गाडीला दप्तरं घेतलेल्या चार-पाच मुली उभ्या असायच्या. त्यांच्याकडे बघून माझा जीव नुसता जळायचा.

आमची चाळ पाच खोल्यांची. मागच्या विहिरीवर घरमालकाने ऑइल इंजिन बसवलं होतं. सकाळी ते तासभर चालायचं, हौद भरायचा आणि हौदाच्या एकुलत्या एका नळावर पाच घरांची भांडणं व्हायची. इंजिन बंद झालं की मालक नळही बंद करायचा. आमच्या घरातर्फे भांडायला मी असायची. आई भिडस्त आणि धाकटी भावंडं मवाळ, तेव्हा ते खातं आपोआप माझ्याकडे आलं होतं आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

ते इंजिन सांभाळायला एक मिस्त्री यायचे. मूळचे खेडकडचे, मुसलमान. पन्नाशीचे असतील. सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून थेट चाकणपर्यंतच्या विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत हिंडायचे. आम्ही मुलं त्यांना चाचा म्हणायचो. त्यांची एक सवय होती. इंजिन बिघडलं की ते आधी पाना उचलायचेच नाहीत. शेजारी उकिडवं बसून मालकाला विचारायचे, सुरू कसं करता, कधी अडतं, अडायच्या आधी काय झालं होतं. मालक वैतागायचा. चाचा शांत.

हेच चाचा संध्याकाळी चिंचवडला आपल्या दुरुस्तीच्या दुकानाच्या ओट्यावर पोरांना गणित शिकवायचे, तेही फुकट. स्वतः सातवी झालेले, पुढे शिकायला जमलं नव्हतं. पण गणितात अशी बुद्धी मी नंतर पुण्याच्या मोठमोठ्या मास्तरांतही पाहिली नाही. त्यांच्याकडे फळा एकच होता, पण त्यावरचं उदाहरण दोन मुलांना एकाच तऱ्हेने सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. शिंप्याच्या मुलाला अपूर्णांक कळत नव्हते, तर त्याला घरून चिंध्या आणायला लावून घड्या घालायला लावल्या. रेल्वेच्या गँगमनचा मुलगा वेग म्हटलं की रडायला लागायचा. त्याला चाचांनी रुळाकडेला बसवलं आणि जाणाऱ्या गाडीची खटखट मोजायला सांगितली. आठवड्याभरात तो पोरगा डोळे मिटून गाडीचा वेग सांगायला लागला आणि त्याने आम्हाला अगदी नकोसं करून सोडलं.

आईने मला तिकडे धाडलं. वडिलांना ते फारसं रुचलं नव्हतं, पण त्यांनी अडवलंही नाही. पहिले पंधरा दिवस चाचांनी मला काही शिकवलंच नाही. फक्त विचारायचे. घरी काय करतेस? शिवतेस? विणतेस? आजोळी शेत होतं? मी प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणायची. कारकुनाच्या घरात असतं काय? शाई आणि दौत. एकदा त्यांनी मला उदाहरण घातलं तर मी ते खडाखडा म्हणून दाखवलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "पोरी, तू लई शानी हाय. त्योच वांदा हाय."

मला रडू कोसळलं. मी रागाने पाटी आपटून घरी आले. आता आत्याकडे जायची तयारी करावी, असं मनाशी ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर माझं आणि तिसऱ्या खोलीतल्या काकूंचं जुंपलं. त्यांनी दोन हंडे भरले होते आणि तिसरा पुढे सरकवला होता. कमरेला खोचायला पदर नव्हता म्हणून मी ओढणीच खोचली आणि सुनावलं, "काकू, इंजिन बंद व्हायला पाव तास राहिलाय. तेवढ्यात नळाला सहा हंडे भरतात. ओळीत हंडे उरलेत पाच. तुम्ही तिसरा भरलात तर शेवटचा हंडा कसाबसा भरेल, आणि मधेच हौदाचा बोळा निघाला तर तोही नाही." काकूंनी हंडा मागे घेतला. इंजिनाजवळून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. चाचा तेलाने माखलेले हात पुसत उभे होते.

"आता काय केलंस त्ये पुन्ना सांग," ते म्हणाले.

"भांडले," मी म्हणाले.

"न्हाई. गणित केलंस."

त्या संध्याकाळपासून माझं शिकणं सुरू झालं. काळ-काम-वेग असो, वाटणी असो, सरासरी असो, चाचा सगळं नळावर आणून ठेवायचे आणि मला त्यावर भांडायला लावायचे. स्वतः काकू व्हायचे, मालक व्हायचे. मुद्दाम लबाडी करायचे. मी चिडून त्यांना खोटं पाडायची आणि पाडता पाडता उत्तर निघालेलं असायचं. माझ्या तापट स्वभावाबद्दल मी तोपर्यंत फक्त बोलणी खाल्ली होती. त्याचा असा उपयोग करणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. त्यांच्याविषयी मला किती वाटायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

फायनलला पुण्याला गेलो. पेपरात शेवटचं मोठं उदाहरण नळ आणि हौदाचंच. एका नळाने हौद दहा तासांत भरतो, दुसऱ्याने पंधरा, आणि खालच्या छिद्रातून भरलेला हौद तीस तासांत रिकामा होतो. तिन्ही एकदम सुरू असतील तर हौद केव्हा भरेल? चाचांनी रीत शिकवली होती. तासाला हौदाचा कितवा भाग भरतो ते काढायचं, मग बेरीज-वजाबाकी. मी लिहायला बसले आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार. हौदाचा दहावा भाग मला दिसेचना. भाग कुणी डोक्यावरून नेतं का? माणूस हंडा नेतो.

तेव्हा मी लिहिलं, हौद तीस हंड्यांचा आहे असं धरू. पहिला नळ तासाला तीन हंडे देतो. दुसरा दोन. छिद्र एक हंडा खातं. राहिले चार. सात तासांत अठ्ठावीस हंडे झाले, उरलेले दोन अर्ध्या तासात. उत्तर, साडेसात तास.

बाहेर आल्यावर इतर मुलींचंही उत्तर साडेसातच निघालं, पण सगळ्यांनी ते अपूर्णांकांनी काढलेलं. एकजण म्हणाली, हंडे कुठून आणलेस, पेपरात हंडे नव्हतेच. मला धडकीच भरली. चाचांची रीत सोडून मी भलतंच लिहून बसले होते. परतल्यावर घरी न जाता आधी चिंचवडला गेले आणि सगळं सांगितलं.

चाचांनी मला ते पाटीवर पुन्हा करायला लावलं. मग आकडे बदलून आणखी एकदा. "ही रीत म्या न्हाई शिकवली," ते म्हणाले.

"माहितेय. चुकलं माझं."

"न्हाई, पोरी. ही तुजी रीत हाय. आता तुला माजी गरज न्हाई."

निकाल लागला. गणितात एकसष्ट गुण. वडिलांनी पुण्याच्या गाडीचा पास आणून माझ्या हातात ठेवला.

पास घेऊन मी ओट्यावर पोहोचले, तर चाचांसमोर काळेवाडीची एक मुलगी बसली होती. शेतकऱ्याची, माझ्याहून वर्षाने लहान, सातवीत आलेली. चाचा मला म्हणाले, "आजपासनं हिला तू सांग." मी हरखून गेले. पाटी ओढली आणि म्हटलं, "हे बघ, हौद तीस हंड्यांचा धर."

मुलीला काहीच उमगलं नाही. चाचांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला.

"तिच्या घरी नळ न्हाई," ते म्हणाले. "आदी तिच्या घरी जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काळेवाडीला गेले. चुलीजवळ बसून बघत राहिले. तिची आई आणि चुलती भराभर भाकऱ्या टोपल्यात टाकत होत्या. पलीकडे तिचे तीन भाऊ जेवायला बसले होते. ती मुलगी वाढत होती आणि दर फेरीला टोपल्यात डोकावून बघत होती. तिचं स्वतःचं जेवण व्हायचं होतं.

मी विचारलं, "हे टोपलं कधी भरेल गं?"

ती फणकाऱ्याने म्हणाली, "भरंल कसं? दोघी करत्यात आन् तिघं खात्यात." मग हातातली भाकरी टोपल्यात ठेवून ती बोटांवर मोजायला लागली.