पाथमधलं पहिलं फोल्डर

पणदऱ्याच्या दूध केंद्रात मी नोंदी करते. दुपारी संकलन बंद असतं, तेव्हा तिथल्या संगणकावर मी प्रोग्रॅमिंग शिकायचे. चोरूनच. त्या दिवशी एक नवी भाषा उतरवून घेतली. इन्स्टॉलरनं काय काय विचारलं, मी न वाचता सगळ्या चौकटींवर टिचक्या मारल्या. घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली.

संध्याकाळी रांग लागली आणि दुधाचं सॉफ्टवेअर उघडेना. एक एरर आणि एका लायब्ररीचं, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणाऱ्या जोडफाईलचं, नाव, बस्स. फॅट मोजणाऱ्या यंत्राचा आकडा त्यातच यायचा, तोही येईना. फॅट लागल्याशिवाय दूध घेता येत नव्हतं, आणि ऊन असं की कॅनमध्येच नासलं असतं.

"यंत्र कुणी पुसलं दुपारी?" रांगेतून आवाज आला.

तात्यांनी. केंद्र सुरू झाल्यापासून दूध मापणारे तात्या रोज ते यंत्र ओल्या फडक्यानं पुसत. लोकांनी त्यांना धारेवर धरलं. आत पाणी गेलं असणार, वय झालं, आता घरी बसावं. तात्या खाली मान घालून उभे राहिले. हे माझ्या दुपारच्या उद्योगानंच झालं असणार, हे मला कळत होतं, पण तोंड उघडलं नाही. खरं बोलले तर संगणक सुटेल, ही भीती मोठी होती.

मी सेटिंग उघडलं. सॉफ्टवेअर लायब्ररी नुसत्या नावानं मागतं. विंडोज ती पाथ नावाच्या यादीतल्या फोल्डरांत वरून खाली शोधतं आणि पहिली सापडेल ती देतं. गावात एका नावाचे दोघं असले की पाहुणा अलीकडच्याच घरात शिरतो, तसं. माझ्या इन्स्टॉलरनं आपलं फोल्डर सगळ्यात वर घातलं होतं, आणि त्यात त्याच नावाची निराळीच फाईल होती. मी ती ओळ तळाला नेली. सॉफ्टवेअर उघडलं. पहिल्या कॅनचा फॅट पडद्यावर आला.

तात्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "माझ्या हातनं झालं, सूनबाई. तुमी सांबाळून घेतलं."

मी नुसती मान हलवली.

आठवड्याभरात त्यांनी काम सोडलं. दुपारी यंत्र पुसताना त्यांनी मला शिकताना पाहिलं होतं. जाताना केंद्राच्या चेअरमनना सांगून गेले, सूनबाई हुशार हाय, तिला दुपारचं संगणकावर शिकू द्या. आता मी उघडपणे शिकते. खरं मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही.