ताईचा झोपाळा आणि माझी चाचणी

चहा घ्या आधी. माझी ही फजिती ऐकायची तर हातात गरम काहीतरी हवं.

मी चंद्रपूरला लोखंडी सुटे भाग तपासायच्या कामावर आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बिजागरी, साखळीची कडी, स्प्रिंग, असलं काहीबाही येतं. ते यंत्रात अडकवायचं, यंत्र ते ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं. मी समोर खुर्ची टाकून बसतो. घर्रर्र, खट्. घर्रर्र, खट्. त्या आवाजात मी कुठं कुठं फिरून येतो म्हणून सांगू! कधी नदीवर, कधी लहानपणीच्या आंब्याखाली. लोक याला डुलकी म्हणतात, मी निरीक्षण म्हणतो.

आमच्याकडे तुटणं ही आनंदाची गोष्ट असते बरं का. भाग तुटला की कुठं तुटला, कसा तुटला हे सांगता येतं, काम पूर्ण होतं. न तुटलेला भाग म्हणजे डोक्याला ताप. आणि चालू चाचणीला मध्येच कुणी हात लावायचा नाही, हा आमचा धर्म.

तर माझ्या ताईचा आलापल्लीकडे एक छोटासा लॉज आहे. चारी बाजूंना सागाचं जंगल, पुढं व्हरांडा आणि व्हरांड्यात सागाच्या फळीचा, लोखंडी साखळ्यांचा भलामोठा झोपाळा. ताईनं हा लॉज हौसेनं उभा केला, पण गिऱ्हाईक बेताचंच. भाऊजींनी शेवटी सांगून टाकलं होतं की या दिवाळीच्या हंगामात खोल्या भरल्या नाहीत तर जागा विडीच्या तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराला गोदामासाठी द्यायची. ताईच्या व्हरांड्यात तेंदूपत्त्याची पोती! ती त्या दिवसापासून नीट जेवत नव्हती.

आणि नेमका नागपूरच्या निवृत्त शिक्षिकांचा एक गट दिवाळीनंतर अख्खा लॉज घ्यायला तयार झाला. पण त्याच आठवड्यात इंटरनेटवर कुणीतरी अभिप्राय टाकला. जागा सुंदर, जेवण झकास, पण झोपाळा करकरतो, बसायची भीती वाटते. शिक्षिकांच्या पुढारी वांढरे बाई. त्यांनी ताईला फोन करून सांगितलं की तुम्ही यावर काय उत्तर देता ते वाचू, मग ठरवू.

ताईनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, "तू लोखंडातला माणूस आहेस. मले काई समजत नाई त्यातलं. तूच लिव उत्तर."

मी गेलो. झोपाळा पाहिला, कड्या पाहिल्या, वर धानाची पोती ठेवून झुलवला. एकदम दणकट माल! एका कडीत जरा झीज होती, ती म्हणजे रोजच्या चमच्याला असते तेवढी. मग मी व्हरांड्यातच बसलो आणि मोबाइलवर मनापासून उत्तर लिहिलं. तुम्हाला वाचूनच दाखवतो.

"नमस्कार. आपल्या तक्रारीनंतर झोपाळ्याची तपासणी केली. तो अजून तुटलेला नाही. तुटेल तेव्हा डावीकडच्या वरच्या कडीत तुटेल. आवाज येतो आहे तोवर काळजी नसावी. आवाज बंद झाल्यास कृपया उतरावे. पुन्हा अवश्य या."

आमच्या कामात एखाद्या वस्तूचं याहून मोठं कौतुक नाही हो! कुठं तुटेल हे ज्याचं माहीत आहे, त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा. मला इतकं बरं वाटलं की मी थांबलोच नाही. कुणी खाटेची तारीफ केली होती, त्याला खाटेचा कोणता बोल्ट आधी जाईल ते कळवलं. कुणी लिहिलं होतं की खिडकीतून पहाटेचं धुकं दिसतं, त्याला त्या खिडकीच्या बिजागरीचं उरलेलं आयुष्य सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मोबाइल हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काऊन रे असं लिवलंस? लोकायले इथी झोके घ्याचे आहेत, कोनती कडी तुटन ते नाई पाह्याचं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी उत्तर पुसायला घेतलं, तेवढ्यात वांढरे बाईंचाच फोन आला. ताईनं स्पीकर लावला.

"हे ज्यानं लिहिलं, त्याले आमच्यासमोर झोपाळ्यावर बसवा," बाई म्हणाल्या. "सगळे नुसते माफी मागून राह्यले, हा एक तरी खरं बोलून राह्यला. तो बसला, तर आमी बसू."

आल्या की हो! सगळ्या खोल्या भरल्या. ताईनं मला ती कडी बदलायला लावली, नवी बसवली आणि पाहुण्या व्हरांड्यात जमल्यावर मला बसवलं झोपाळ्यावर. मी जरा ऐटीतच पाय हलवला.

कर्रर्र, कट्. कर्रर्र, कट्.

बाहेर कापलेल्या धानाचा वास. सागाची पानं उन्हात हळूच हलतायत, कुठंतरी एक पाखरू तेच तेच बोलतंय. झोपाळा पुढं गेला की जंगल जवळ येई, मागं आला की लांब जाई. मग जंगल लांब गेलं ते परत आलंच नाही. मी नदीवर होतो, आंब्याखाली होतो, कुठंतरी फार छान होतो.

पुढचं मला ताईनं सांगितलं. जेवणं झाली, मी झोपाळ्यावर. दुपारचा चहा झाला, मी झोपाळ्यावर. वांढरे बाई दोनदा येऊन अदबीनं खाकरल्या. शेवटी एका वयस्कर बाईंनी साखळीला हात लावला, तर मी झोपेतच दटावलं म्हणे, "चाचणी सुरू आहे. हात लावू नका."

शिक्षिकाच त्या! चाचणी म्हटल्यावर सगळ्या मुकाट्यानं मागे सरकल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांची गाडी निघाली तेव्हा मी हात हलवला, तोही बसल्या जागेवरून.

घरी पोचून त्यांनी अभिप्राय टाकला. जेवण, खोल्या, ताईचा स्वभाव, सगळ्याची तोंडभरून स्तुती. पुढच्या वर्षी पुन्हा येणार, मैत्रिणींनाही आणणार. भाऊजींनी तो वाचला आणि ठेकेदाराला नाही म्हणून कळवून आले. फक्त एक तारा कमी होता. झोपाळा भक्कम आहे, पण त्यावर एक गृहस्थ कायमचे बसवलेले आहेत, त्यामुळे आम्हा कुणालाच झोका मिळाला नाही.

मी म्हटलं, ताई, दे मोबाइल, उत्तर लिहितो. तिनं मोबाइल पाठीमागे लपवला. तिनं आधीच लिहून टाकलं होतं. आजही आहे तिथं, वाचा हवं तर.

"तक्रारीबद्दल आभार. तो भाग झोपाळ्यावरून काढून चंद्रपूरला परत पाठवला आहे."