सोराइदाबाईंनी पाडलेले संघ

लिमाच्या कोमास भागात, चढावरच्या गल्लीत दोन्या सोराइदा, म्हणजे सोराइदाबाई, यांची कॅबिना, म्हणजे इंटरनेट कॅफे, होती. पत्र्याखाली बारा संगणक, भिंतीला एक बाकडं आणि दारात उकडलेल्या मक्याचं पातेलं. बाईंनी स्वतः संगणकावर कधी बोट ठेवलं नव्हतं. कॅबिना काढण्याआधी तीस वर्षं त्या गल्लीतल्या बायकांच्या रविवारच्या व्हॉलीबॉलचे संघ पाडत, खेळाशी संबंध तेवढाच.

उलिसेस तीनचाकी मोटोटॅक्सी चालवायचा आणि दुपारी भाडी थंडावली की इथे येऊन बसायचा. खेळ ऑनलाइन, पाच विरुद्ध पाचांचा; कोण कुणाच्या संघात ते यंत्रच ठरवायचं. क्रमवारीत तो गल्लीत सगळ्यात वर, आणि कुरकुर करण्यातही.

"हा खेळ रोज माझ्या गळ्यात चार धोंडे बांधतो," तो म्हणायचा. "जोड्या लावणाऱ्याला डोळे आहेत की नाहीत?"

एका शनिवारी बाहेरच्यांशी जोड्या लावणारी यंत्रणाच बंद पडली. दहाजण खोळंबले. आपसात सामना लावू म्हणाले, पण संघ पाडताना हमरीतुमरीवर आले. तेव्हा बाई हात पुसत पुढे झाल्या.

"उठा सगळे. मी पाडते."

"बाई, हा काही व्हॉलीबॉल नाही!"

"तू गप बस रे. तू तिकडे."

उलिसेसच्या वाट्याला सगळ्यात कच्चे दोघे आले. तो धुसफुसतच बसला. पण सामना संपता संपेना. तासभर इकडचे वर, की तिकडचे वर, काही कळेना. शेवटी उलिसेसचा संघ केसाच्या अंतराने हरला, आणि हरलेला उलिसेसच ओरडला, "असला सामना वर्षभरात झाला नाही!"

पुढच्या शनिवारीही तेच. मग तो निकाल लिहून ठेवू लागला. चाळीस सामन्यांत एका बाजूने जिंकलेले एकवीस, दुसऱ्या बाजूने एकोणीस. त्याने ते आकडे पुन्हा मोजून बघितले.

तरी खात्री पटेना. त्याने आरेकिपाहून आलेल्या आपल्या मावसभावाला, फोर्तुनातोला, आणलं. फोर्तुनातो पट्टीचा खेळाडू. पण त्याला बजावलं होतं, अगदी नवशिक्यासारखा खेळ. त्याने सरावात चुका केल्या, भलतीकडे पळाला, खेळात तीनदा मेला आणि पुन्हा उठला. बाई मका सोलत बघत होत्या. वाटणीच्या वेळी त्यांनी त्याला चार सगळ्यात कच्च्या पोरांबरोबर बसवलं आणि उरलेले चांगले पाचही समोर, उलिसेससकट.

"अहो, त्याला काही येत नाही!" उलिसेस म्हणाला.

"नवशिका मेला की चिडतो, नाहीतर हसतो," बाई म्हणाल्या. "हा जांभया देत होता. आणि बसताना आधी माउसची वायर मोकळी केली त्यानं. कुणाला शिकवतोस?"

फोर्तुनातो खो खो हसत सुटला. त्या दिवशी पाच चांगल्यांना घाम फुटला, आणि सामना जेमतेम हाती लागला.

उलिसेसने मग हळूच विचारलं, "एरवी मला कच्चेच का देता?"

"तू ओरडला नाहीस तर ते बरे खेळतात. मी ते धरून चालते. ओरडलास की वाटणी बिघडते, आणि दोष माझ्यावर येतो."

त्या दिवसापासून तो खेळताना शेजाऱ्याला "बरोबर जातोयस, थांब जरा" असं म्हणू लागला.

ईस्टरच्या सुट्टीत सगळ्यांनी हट्ट धरला, बाईंनीही खेळायचं. बाई लाजल्या, पण बसल्या. संघ मात्र त्यांनीच पाडले. आपल्याकडे उलिसेस आणि फोर्तुनातो दोघंही घेतले. समोरचे बोंब मारू लागले, "हा अन्याय!"

"मी किती वाईट आहे ते तुम्हाला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

त्या पहिल्याच मिनिटाला मेल्या, नंतर अकरा वेळा. सामना एक तास चार मिनिटं चालला. शेवटच्या हल्ल्यात दोन्ही बाजूंचा एकेकच खेळाडू उभा राहिला तेव्हा बाकड्यावरची माणसं उठून पडद्यामागे गोळा झाली. उलिसेसला पडद्यापेक्षा शेजारच्या खुर्चीत बसलेल्या, ही वाटणी करणाऱ्या बाईंकडेच बघावंसं वाटत होतं. बाई मात्र चष्मा कपाळावर सरकवून विचारत होत्या, "आता मी कुठली कळ दाबू?"