जगदेव शिपायाचं रजिस्टर

मालेगावहून वाशीम रस्ता सोडून नऊ किलोमीटर आत गेलं की जे गाव लागतं, त्या गावात ग्रामसभा एका दिवसात संपत नाही. ती सात-आठ दिवस चालते, आणि चालते ती जगदेवच्या सायकलवर. हसू नका. तुमच्याही गावात असंच चालत असेल, तुमच्या जगदेवचं नाव तेवढं वेगळं असेल.

जगदेव ग्रामपंचायतीचा शिपाई. एकोणतीस वर्षं झाली. नळ सोडायचा, रस्त्यावरचे दिवे लावायचे-विझवायचे, झेंड्याच्या आदल्या दिवशी खांब धुवायचा, आणि ग्रामसभा झाली की हजेरीचं रजिस्टर घेऊन दारोदार फिरायचं. सभेला शंभर माणसं लागतात असा नियम आहे. येतात पंधरा-वीस, त्यातले चार शाळेचे मास्तर, जे गावचे मतदारच नसतात. मग बाकीच्या सह्या कुठून येणार? त्या जगदेव आणायचा. रजिस्टर खताच्या पिशवीत गुंडाळलेलं, अंगठ्याच्या शाईचा पॅड पत्र्याच्या डबीत, आणि पेन दोऱ्यानं हँडलला बांधलेला, कारण घेतलेला पेन परत करायची गावाला सवय नव्हती.

दारात सायकल लागली की आतून आवाज यायचा, "कायचं हाये जगदेव?" आणि जगदेव एका शब्दात सांगायचा. नळाचं. घरकुलाचं. शाळेचं. तेवढ्यावर सही व्हायची. हा शब्दसुद्धा त्याचा नसायचा. ग्रामसेवक रामसिंग राठोड रजिस्टर हातात देताना सांगायचा, तोच तो पुढे न्यायचा. जगदेव सातवी शिकलेला, त्याला वाचता येत होतं. पण एकोणतीस वर्षांत आतला ठराव त्याने कधी वाचला नव्हता. गावाचा त्याच्यावर भरवसा, त्याचा रामसिंगवर, आणि रामसिंगचा वरून आलेल्या कागदावर. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

त्या वर्षी दोन ऑक्टोबरची सभा सोयाबीनच्या सोंगणीत आली. माणूस म्हणून गावात दिसेना. सभेला आले एकोणीस जण. जिल्ह्याहून एक साहेब आले होते, त्यांनी पृथ्वी कशी तापते आहे, विजेसाठी कोळसा जाळला की काय होतं, हे तासभर सांगितलं. खरंच सांगितलं, खोटं काही नव्हतं त्यात. एकोणीस जणांनी मान हलवली आणि विळे घेऊन वावरात गेले. दुसऱ्या दिवशी रामसिंगने रजिस्टर जगदेवच्या हातात दिलं.

"कायचं हाये साहेब?"

"लाईटीचं," रामसिंग म्हणाला.

झालं. जगदेव निघाला. लाईटीचं म्हटल्यावर लोकांनी उभ्या उभ्या सह्या केल्या. शेतीची लाईट आठवड्याआड रात्री येते, तेव्हा लाईटीला कोण नाही म्हणणार? भागवत नावाचा जवान शेतकरी तर सायकलमागे पळत आला. मळणीयंत्रावरच्या माणसांनी भुसकटाच्या हातानं सह्या केल्या. सहाव्या दिवशी जगदेव गोमतीबाईच्या दारात गेला.

गोमतीबाई त्याची मोठी बहीण. नवरा वारल्यावर माहेरी परतली त्याला पंचवीस वर्षं झाली. गावाच्या कडेला दोन खोल्या आणि नऊ बकऱ्या, एवढा तिचा संसार. बकऱ्या चरायच्या ई-क्लासवर. ई-क्लास म्हणजे सरकारी पडीक जमीन, गावाच्या गुराढोरांसाठी ठेवलेली, सव्वीस एकर. रिठदला दिलेल्या लेकीचं बाळंतपण उरकून ती आदल्याच दिवशी परत आली होती.

"लाईटीचं हाये, बाई," जगदेव म्हणाला.

"तू आनलं त मले काय इचाराचं," असं म्हणून तिने अंगठा पुढे केला. त्याने तो पॅडवर दाबला, मग कागदावर. बासष्टावा नंबर. तिने अंगठा लुगड्याला पुसला आणि त्याला चहा दिला.

फेब्रुवारीत ई-क्लासवर ट्रक आले. लोखंडी खांब उतरले, मग जाळी, मग काळ्यानिळ्या काचा. सूर्याच्या विजेचा प्रकल्प. बावीस एकराला जाळीचं कुंपण झालं, उरलेल्या चार एकरांत नुसता मुरूम. त्या दिवशी जगदेवने पहिल्यांदा कपाटातून रजिस्टर काढलं आणि उभ्यानेच वाचलं. विषय क्रमांक सात. ई-क्लासची जमीन सौर प्रकल्पाला देण्यास ग्रामसभेची हरकत नाही. शब्द लाईटीचाच होता, खोटा नव्हता. त्याने रजिस्टर जागेवर ठेवलं आणि नळ सोडायला गेला. संध्याकाळी बायकोने विचारलं, जेवत काहून नाही, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ताट समोर कधीचं वाढलेलं आहे.

गावात दोन तट पडले. अकरा घरं बकऱ्यांची, त्यांचा पुढारी राजू. त्याने तालुक्याला अर्ज केला की अशी सभाच झाली नाही, सह्या घरोघर घेतल्या. पुरावा काय? तर पुरावा गोमतीबाई. दोन ऑक्टोबरला ती रिठदला होती हे अख्ख्या गावाला ठाऊक, आणि रजिस्टरवर तर तिचा अंगठा. एका माणसाला एका दिवशी दोन गावांत राहता येत नाही, हे तालुक्याच्या साहेबालाही कळेल, असं राजू सगळ्यांना सांगत होता. त्याचं बरोबर होतं. बाई खरं बोलली तर ठराव रद्द, जमीन परत. आणि ठराव रद्द तर रजिस्टर फिरवणारा जगदेव घरी. त्याच्या नोकरीचे आठ महिने उरले होते.

एप्रिलमध्ये चौकशी लागली. त्या दिवशी सकाळी गोमतीबाई नळावर आली. तिने हंडा भरून घेतला.

"जगदेव, मी काय सांगू?"

जगदेव नळाच्या चावीकडे पाहत राहिला.

"तुह्यावर येईन का?"

"येईन."

आता इथं माणसाने काहीतरी बोलावं की नाही? 'बाई, खरं सांग, माझं मी पाहून घेईन,' एवढं तरी. मला विचाराल तर मी त्याच्यावर अजून चिडतो. पण जगदेव बोलला नाही. तो वाईट माणूस होता म्हणून नव्हे. त्याला आत काही हलतच नव्हतं. फेब्रुवारीपासून हे असंच होतं, हात-पाय चालायचे, नळ वेळेवर सुटायचा, आणि आतून सगळं बधिर. गोमतीबाईने हंडा डोक्यावर घेतला आणि ती गेली.

चौकशी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होती. तालुक्याचे साहेब मोटारीने आले. ऊन बेचाळीस-त्रेचाळीसचं, म्हणून ड्रायव्हरने गाडी निंबाखाली लावली आणि एसीसाठी इंजिन चालूच ठेवलं. दोन तास ते घुरघुरत राहिलं. आतलं बोलणं त्यामुळे नीट ऐकू येईना, पण गाडी बंद करा असं कोणी म्हणालं नाही.

राजू उठला. "सूर्य साऱ्या गावाचा हाये साहेब, मंग जमीन आमच्या बकऱ्याइचीच काहून?"

भागवत बसल्या जागेवरून बोलला. "राजू, तुह्या बकऱ्या दिवसा चरतात. माह्या हरभऱ्याले मी रातच्या दोन वाजता पानी देतो. मांगच्या साली पायाखाली घोणस निंगाली. मले दिवसा लाईट पाहिजे का नाही, तू सांग."

"पाहिजे ना. मी कुठी नाही म्हनलो?"

"मंग कुठी लावाच्या ह्या काचा? माह्या वावरात?"

राजू खाली बसला. दोघं एकाच शाळेत शिकलेले, एकमेकांच्या लग्नात नाचलेले. साहेब म्हणाले, "हवामान बदल हा सगळ्या जगाचा प्रश्न आहे. प्रत्येकाने थोडा थोडा वाटा उचलायला हवा." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी आज फक्त सभा झाली की नाही एवढंच पाहायला आलो आहे. गोमतीबाई कोण?"

गोमतीबाई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, पदर सावरला. साहेबांनी रजिस्टर तिच्यापुढे धरलं. "बासष्ट नंबर. हा अंगठा तुमचा?"

"हाव."

"दोन ऑक्टोबरला तुम्ही कुठे होता?"

राजूने तिच्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे बोला, भिऊ नका. जगदेव दाराशी पाण्याचा जग घेऊन उभा होता. त्याला वाटलं, आता बाई रिठद म्हणेल. म्हणावंच, असंही त्याला वाटलं. ते वाटणं कुठून तरी लांबून आलं, दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं.

"सभेत होती," गोमतीबाई म्हणाली.

"बाई, तुमी लेकीकडे व्हता ना," राजू उठला. "रिठदले. बाळंतपन नव्हतं का?"

"दुसऱ्या दिवशी गेली."

ती खोटं बोलते आहे हे चाळीस माणसांना कळत होतं, रामसिंगला कळत होतं, भागवतने तर मान खाली घातली. साहेबांनाही कळलं असावं, पण त्यांना लिहायचं ते मिळालं होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. "शिपाई, बाई सभेला होत्या?"

जगदेवने जग दुसऱ्या हातात घेतला. "होत्या," तो म्हणाला.

साहेबांनी त्याचा जबाब दोन ओळींत लिहिला आणि सही घेतली. मग सगळ्यांचा चहा झाला. चहा जगदेवनेच दिला. गोमतीबाईच्या हातात कप दिला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं, रागाने नाही, लहानपणी त्याच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवून पाहायची तसं. त्याला रडू यायला हवं होतं, आलं नाही.

मे महिन्यात मालेगावचे सैफुद्दीन व्यापारी पिकअप घेऊन आले. गोमतीबाईने बकऱ्या विकायला काढल्या. मुरमावर काही उगवत नव्हतं, आणि रोज तीन कोस लांब हिंडण्याइतके तिचे गुडघे राहिले नव्हते. सैफुद्दीन जुने जाणते गृहस्थ, आठ चढवल्यावर नववीला त्यांनी हात लावला नाही. "मावशी, एक राहू द्या दाराशी," ते म्हणाले. ती म्हातारी चंद्री राहिली, खुंट्याला बांधलेली. गोमतीबाई तिला तुरीचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, घालायची.

जूनपासून शेतीची लाईट दिवसा आली. हे खरं आहे आणि तेही सांगितलं पाहिजे. भागवत रात्री घरी झोपू लागला. त्याने एकदा गोमतीबाईकडे कुटाराची दोन पोती आणून टाकली, आणि पुढेही आणत राहिला. राजूने जगदेवशी बोलणं सोडलं. जगदेवला त्याचंही काही वाटलं नाही. त्याला वाटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याची बायको शेजारणीला म्हणाली.

पंधरा ऑगस्टला पुन्हा ग्रामसभा झाली. आले बावीस जण. दुसऱ्या दिवशी रामसिंगने रजिस्टर दिलं आणि नेहमीसारखं म्हणाला, "पर्यावरणाचं."

जगदेवने ते उघडलं आणि कार्यालयातच वाचायला लागला. रामसिंगने चष्म्यावरून पाहिलं. या खेपेला जगदेवने प्रत्येक दारात ठराव सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. लोक वैतागले. कामाच्या वेळी हे काय लावलं म्हणाले. एकाने त्याच्या हातातून रजिस्टर ओढून सही केली. जगदेव तरी वाचत राहिला.

गोमतीबाई ओसरीवर तूर निवडत होती. त्याने सायकल भिंतीला लावली.

"कायचं हाये?"

"वाचतो," जगदेव म्हणाला आणि खाली बसला. "गावानं आठवड्यातला एक दिवस मोटारसायकल न चालवता सायकल वापरावी."

गोमतीबाईने त्याच्या सायकलकडे पाहिलं. गावात ती एकच सायकल उरली होती. "बरं," ती म्हणाली.

"प्रत्येक घरानं एक झाड लावावं."

"बरं."

पुढच्या ओळीला तो थांबला. खुंट्याशी चंद्री कुटार चघळत होती.

"वाच ना. थांबला कायले?"

"तापमानवाढ रोखन्यासाठी," जगदेव हळू वाचू लागला, "उरलेल्या ई-क्लासवर झाडं लावाची हायेत. म्हनून तिथं चराईबंदी."

गोमतीबाई थोडा वेळ तूर निवडत राहिली. मग सूप बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसला आणि अंगठा पुढे केला.

"बाई, नको देऊ," जगदेव म्हणाला. त्याचा आवाज फुटला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "नाही देल्ला तरी चालते. खरंच चालते."

"तुले शंभर पुरे करा लागतात ना?" ती म्हणाली. "आन थे डबी."

त्याच्याने डबी उघडेना. झाकण गंजलेलं होतं. शेवटी गोमतीबाईनेच ती घेतली, उघडली, अंगठा शाईवर दाबला, आणि कुठे लावायचा ते त्याला विचारलं. त्याने बोट ठेवून जागा दाखवली.